सोमवारचे तारण: पापाच्या सत्तेतून रोज बाहेर कसे पडावे

पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोने तारण कर्ज’ असे लिहिलेले असते आणि चर्चच्या भिंतीवर ‘येशू तारणारा आहे’ असे लिहिलेले असते. कानाला शब्द एकच, पण पहिल्या तारणात आपली वस्तू दुसऱ्याच्या तिजोरीत अडकून पडते आणि दुसऱ्या तारणात अडकून पडलेला माणूस मोकळा होतो. माझ्या नोकरीची एकतीस वर्षे पहिल्या तारणाचे कागद सांभाळण्यात गेली आणि जवळजवळ तितकीच वर्षे मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंच कमिटीत आणि गुरुवारच्या शास्त्राभ्यासात दुसऱ्या तारणाविषयी बोलत आलो. एवढ्या काळात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. ‘तुमचे तारण झाले आहे का?’ असे विचारले, की आपली माणसे तारीख सांगतात: अमुक साली, अमुक गावच्या उज्जीवन सभेत, अमुक गीत चालू असताना. ती तारीख खोटी नसते. पण तीच माणसे सोमवारी सकाळी दुकानाचे शटर उचलतात किंवा कचेरीची पायरी चढतात, तेव्हा जुना राग, जुनी थाप आणि जुनी हाव त्यांच्या आधीच तिथे येऊन बसलेली असते.

ज्यांचा ख्रिस्तावर विश्वास आहे, आपल्याला क्षमा मिळाली आहे याविषयी ज्यांच्या मनात शंका नाही, आणि तरीही एखादे पाप वर्षानुवर्षे ज्यांची पाठ सोडत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. इथे सांगितलेली रीत माझी नाही. ती शास्त्रातून आणि आधीच्या लोकांच्या अनुभवातून आलेली आहे. मी ती वापरून पाहिली आणि कुठे अडखळलो, तेवढेच माझे.

आधी शब्दाचा अर्थ पुरता घ्यावा

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरीयेचा पती योसेफ याला बाळाचे नाव येशू ठेवायला सांगतो आणि त्याचे कारणही देतो: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. तिथे ‘पापाच्या शिक्षेपासून’ एवढेच म्हटलेले नाही. नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रे वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्यावे. इफिसकरांस तो लिहितो की तुमचे तारण झालेले आहे. करिंथकरांस लिहिताना तो तारण होत असलेल्यांविषयी बोलतो. रोमकरांस लिहिताना आपण तारले जाणार आहोत असे म्हणतो. शिक्षेतून सुटका झालेली आहे, सत्तेतून सुटका चालू आहे आणि पापाच्या अस्तित्वातून सुटका व्हायची आहे. आपल्याकडचे बहुतेक उपदेश पहिल्या सुटकेवर सुरू होतात आणि तिसऱ्या सुटकेवर, म्हणजे अंत्यविधीच्या वेळी, संपतात. मधली सुटका, जिच्यात माणसाचे सगळे आयुष्य जाते, ती ज्याची त्याने पाहून घ्यावी अशी आपली एकंदर पद्धत आहे.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे मधले अंतर स्पष्ट दिसते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच सांगितले आहे की त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म होता, पण खुद्द ख्रिस्त त्यांना सापडलेला नव्हता. संस्कृत जाणणारी, मुंबईत शारदा सदन उघडणारी ती बाई हे कबूल करते, तेव्हा आपणही आपल्या तारखेकडे थोडे नम्रतेने पाहायला हरकत नाही. केडगावच्या आपल्या वसाहतीला त्यांनी ‘मुक्ती’ असे नाव दिले.

सत्तेतून सुटका म्हणजे मोह होणे बंद होईल असे नव्हे, आणि आपण निष्पाप होऊ असेही नव्हे. आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःलाच फसवतो, असे प्रेषित योहानाने आपल्या पत्रात स्वच्छ लिहून ठेवले आहे. सत्तेतून सुटका म्हणजे पापाने हाक मारली की उठून जाणे भाग होते, ते आता भाग उरलेले नाही. हाक येत राहते.

सकाळची दोन मिनिटे: खाते निल आहे हे धरून चालणे

रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो की तुम्ही स्वतःला पापाला मेलेले आणि देवासाठी जिवंत असे माना. ‘माना’ हा आपल्याकडे फार गैरसमज झालेला शब्द आहे. पुष्कळांना वाटते की मनाची समजूत घालायची आहे, डोळे मिटून ‘मला राग येत नाही, मला राग येत नाही’ असे घोकायचे आहे. मूळ ग्रीक क्रियापद हिशेबातले आहे. याच पत्राच्या चौथ्या अध्यायात, अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व असा गणण्यात आला हे सांगताना, तेच क्रियापद अकरा वेळा आले आहे. माना म्हणजे जे झाले आहे ते हिशेबात धरा, जमेची रक्कम जमेच्या बाजूला लिहा.

याचा अर्थ मला शास्त्राभ्यासात कळला नाही. एका शेतकऱ्यामुळे कळला. त्यांचे पीककर्ज आणि विहिरीचे कर्ज मिळून मोठी थकबाकी होती. जमिनीचा तुकडा विकून त्यांनी सगळे फेडले, बेबाकी दाखला घेतला आणि पुढे फेरफार होऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजाही उतरला. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी बाजाराच्या दिवशी मी चहाच्या टपरीवर उभा होतो. तेवढ्यात आमच्या वसुली अधिकाऱ्याची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली आणि हे गृहस्थ झटकन टपरीच्या मागे सरकले. मी म्हणालो, “काका, तुमचं खातं तर कधीच निल झालं ना?” त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात चौघडी केलेला दाखला होता, तो मला दाखवला आणि म्हणाले, “हाय की साहेब. पण गाडीचा आवाज आला, की पाय आपोआप वळत्यात.”

वसुली अधिकाऱ्याचा त्यांच्यावर एक रुपयाचा हक्क उरला नव्हता. तरी पाय वळत होते, कारण पायांना जुनी सवय होती आणि दाखला खिशात असूनही पायांपर्यंत पोहोचलेला नव्हता. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल अगदी हाच व्यवहार सांगतो: आपल्याविरुद्ध असलेली, हाताने लिहून दिलेली कर्जचिठ्ठी देवाने वधस्तंभाला खिळून रद्द केली. कर्ज तिथे फिटले. आपला बाप्तिस्मा हा त्याचा दाखला आहे, आणि म्हणूनच रोमकरांच्या सहाव्या अध्यायात पौल पाप सोडा हे सांगण्याआधी बाप्तिस्म्याची आठवण करून देतो. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी मी पाप सोडीन आणि मग देव मला मोकळे म्हणेल असे धरले, तर पुढे लिहिलेली एकही गोष्ट कामाची नाही; ती सगळी व्याज भरण्याची धडपड ठरेल.

म्हणून रोज सकाळी, मोबाइल हातात घेण्याआधी, दोन मिनिटे बसावे आणि हे एका वाक्यात, ऐकू येईल इतपत आवाजात म्हणावे. वाक्य आपापले असावे आणि त्यात आपल्या पापाचे नाव असावे. ‘प्रभू, तू मरण पावलास तेव्हा माझ्यावरचा या रागाचा हक्क संपला, आज तो वसुलीला येईल, तेव्हा मी टपरीमागे लपणार नाही,’ असे मी कित्येक महिने म्हणत होतो. सुरुवातीला संकोच वाटतो. घरचे विचारतात, कोणाशी बोलताय. बोलत राहावे.

पापाला त्याच्या नावाने ओळखणे

‘आम्ही सगळे पापी आहोत’ ही कबुली कोणालाच जड जात नाही, कारण तिच्यात काहीच कबूल केलेले नसते. योहानाच्या पहिल्या पत्रात ‘कबूल करणे’ यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘तेच बोलणे’ असा आहे. म्हणजे आपल्या कृत्याला देव जे नाव देतो तेच नाव आपणही देणे. मी स्पष्टवक्ता आहे, असे म्हणणारा बहुतेक वेळा उर्मट असतो. मी व्यवहारी आहे, असे म्हणणाऱ्याने एकदा आपल्या मापात पाप आहे का ते पाहावे. आणि आमच्या प्रार्थना सभांतले ‘ताई, फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं’ हे वाक्य, ज्याच्यामागून हमखास शेजारच्या सुनेची कथा येते, त्याला चहाडी याखेरीज दुसरे नाव नाही.

एका वेळी एकच पाप धरावे. या बाबतीत कॅथलिक परंपरेतली एक जुनी रीत मला फार उपयोगी पडली. जेसुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशिअस यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, ज्याला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली, ‘विशेष परीक्षण’ सांगितले आहे. त्यात एकच दोष निवडायचा. सकाळी उठताना त्याविषयी सावध राहायचे ठरवायचे, दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणानंतर मागे वळून पाहायचे, आणि जितक्या वेळा पडलो तितके ठिपके कागदावर त्या दिवसाच्या ओळीवर काढायचे. मग सकाळची ओळ दुपारशी, आजची कालशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. पडल्याच्या क्षणी छातीला हात लावायचा, म्हणजे चारचौघांतही कोणाच्या ध्यानात न येता देवापाशी कबुली होते.

मी निवडलेला दोष अगदी क्षुल्लक वाटणारा होता. माझ्या टेबलावर कचेरीचा फोन असे आणि साहेब समोरच्या खोलीत बसलेले असताना ‘साहेब बाहेर गेलेत’ असे सांगणे हा माझ्या कामाचाच भाग झाला होता. मी खिशातल्या छोट्या वहीत ठिपके काढू लागलो. पहिल्या दिवशी नऊ निघाले. मी दिवसातून दोन-तीन वेळा खोटे बोलतो, असा माझा अंदाज होता. वहीचा पहिला उपयोग हा, की ती अंदाज मोडते. दुसरा उपयोग आठवड्यानंतर कळला. ठिपक्यांशेजारी मी एखादा शब्दही लिहीत असे, आणि तो शब्द ‘भीती’ हाच जास्त वेळा होता. मला खोटे बोलण्याची आवड नव्हती. साहेबांची मर्जी गेली तर काय, ही धास्ती होती. म्हणजे खोटे ही पाने होती आणि मुळाशी माणसाच्या मर्जीची पूजा होती. उपटायचे काय ते त्या दिवशी समजले. वही ठेवणाऱ्याने ठिपक्याबरोबर वेळ, जागा आणि आधीच्या पाच मिनिटांत काय घडले, एवढे तरी लिहावे. भूक, थकवा, एकटेपणा आणि अपमान हे चार शब्द किती वेळा येतात ते पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

काढून टाकलेल्या जागी काय ठेवायचे

मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभूने झाडून साफ केलेल्या, पण रिकाम्या ठेवलेल्या घराची गोष्ट सांगितली आहे. निघून गेलेला दुष्ट आत्मा परत येताना आणखी सात जणांना घेऊन येतो. नुसते ‘सोडा, सोडा’ सांगणाऱ्यांनी ती वाचावी. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल कधीच नुसते ‘सोडा’ म्हणत नाही. लबाडी सोडून शेजाऱ्याशी खरे बोला. चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये, तर हातांनी कष्ट करावेत, आणि तेही स्वतःचे पोट भरण्यावर न थांबता गरजवंताला देता यावे म्हणून. चोर चोरी करायची थांबला म्हणजे मोकळा झाला असे पौल मानत नाही. तो देणारा झाला की मोकळा झाला.

म्हणून वहीतल्या पापासमोर त्याच्या जागी येणारी कृती लिहून ठेवावी, आणि ती आधीच लिहावी, कारण ऐन वेळी सुचत नाही. मी लिहिलेले वाक्य होते, ‘साहेब आत्ता फोन घेऊ शकत नाहीत, निरोप असेल तर सांगा, मी लिहून घेतो.’ हे वाक्य खरे होते आणि समोरच्याच्या उपयोगाचेही होते. मी साहेबांनाही आधी सांगितले की यापुढे मी असे म्हणेन. ते हसले. आठवड्याभरात फोन माझ्या टेबलावरून उचलून दुसऱ्याच्या टेबलावर गेला आणि त्या वर्षी माझी वेतनवाढही थोडी रेंगाळली. खरे बोलले की सगळे सुरळीत होते, असे शास्त्राने कुठेही म्हटलेले नाही, आणि तशी साक्ष देणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. माझ्यापुरते एवढेच झाले, की फोनची घंटी वाजली की पोटात जो गोळा येई तो येईनासा झाला.

याच ठिकाणी शरीराचा विचार करावा. ‘आपले अवयव अनीतीची साधने म्हणून पापाला देऊ नका,’ असे रोमकरांच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे आणि तिथला ‘साधने’ हा शब्द मुळात शस्त्रांसाठीचा आहे. पौल मन सुधारण्याच्या गोष्टी करत बसत नाही. तो हात, जीभ, डोळे यांची नावे घ्यायला लावतो. आज त्यात अंगठाही घालावा, कारण मोबाइलच्या पडद्यावर रात्री अकरानंतर जे काही होते ते अंगठाच करतो. ज्याला त्या वाटेचा त्रास आहे त्याने झोपण्याच्या खोलीतला चार्जर बाहेरच्या खोलीत लावावा आणि फोन तिथेच ठेवून झोपावे. हे फारच साधे वाटते, पण मी पाहिलेल्या तरुणांपैकी जे सुटले त्यांनी उपवासाच्या आधी हे केले होते. ज्याचा हात गल्ल्याकडे वळतो त्याने रोजचा हिशेब दुसऱ्याला दाखवण्याची पद्धत लावून घ्यावी. ज्याची जीभ सुटते त्याने भांडण सुरू होताच पाणी पिण्यासाठी उठावे.

दारू आणि तत्सम व्यसनांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट लिहितो. तिथे पापाबरोबर आजारही असतो. प्रार्थनेने एका रात्रीत सुटलेली माणसे मला माहीत आहेत, पण त्यांच्या जोरावर बाकीच्यांना ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा गावोगावी भरतात. तिथे जाणे हा अविश्वास नव्हे.

ऐन मोहाच्या वेळी

तेव्हा मोठी प्रार्थना होत नाही, आणि करायची गरजही नसते. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालताना बुडू लागला, तेव्हा तो ‘प्रभूजी, मला वाचवा’ एवढेच ओरडला. ग्रीकमध्येही ते तीनच शब्द आहेत आणि त्यातले क्रियापद तेच आहे, जे देवदूताने योसेफाला ‘तारील’ म्हणून सांगितले होते. बुडणाऱ्या माणसाच्या तोंडचे तारण असे असते. रोमकरांच्या आठव्या अध्यायात शरीराची कर्मे ‘आत्म्याने’ ठार मारा असे म्हटले आहे. आपल्या जिद्दीने नव्हे. ती हाक मारणे म्हणजे हे काम पवित्र आत्म्याच्या हाती देणे. हाक मारावी आणि पाय हलवावेत, दोन्ही. उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ, मालकाची बायको मागे लागली तेव्हा, पोटीफरच्या घरातून अंगावरचे वस्त्र तिथेच टाकून पळाला होता.

एक तरी माणूस

आपण प्रॉटेस्टंट लोकांनी पापनिवेदनाची खोली काढून टाकली, पण तिच्या जागी काहीच ठेवले नाही, हे माझे मत मी मंडळीतही अनेकदा बोललो आहे. वसईच्या कॅथलिक मित्राला निदान एवढे ठाऊक असते, की फादरना सांगितलेले फादरपाशीच राहील. याकोब आपल्या पत्रात लिहितो की आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही बरे व्हाल. हे वचन आम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना वाचतो आणि त्यातला पहिला अर्धा भाग तोंडातल्या तोंडात उरकतो.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी याच वचनावर १७३८ च्या डिसेंबरात आपल्या लहान गटांचे नियम लिहिले. आठवड्यातून एकदा काही मोजक्या माणसांनी जमायचे आणि प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारायचे. मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणते पाप घडले? कोणते मोह आले? त्यातून सुटका कशी झाली? आणि असे काय मनात आले, बोललात किंवा केलेत, जे पाप आहे की नाही याची तुम्हाला खात्री नाही? यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो सुटका झाली असेल असे धरूनच विचारलेला आहे. चौथा सर्वांत अवघड आहे. एकदा विचारून पाहावा.

माणूस निवडताना काळजी घ्यावी. पुरुषाने पुरुषाजवळ आणि बाईने बाईजवळ बोलावे. ज्याच्या तोंडून दुसऱ्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत त्याला आपली सांगू नये. नवराबायकोने एकमेकांपासून लपवू नये, पण दर आठवड्याच्या हिशेबाचे ओझे जोडीदारावर टाकू नये, असा माझा अनुभव आहे. सभेत उभे राहून खासगी पापे उघड करण्याचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नाही म्हणावे. पाप जितक्यांविरुद्ध झाले तितक्यांपुढे कबुली पुरते. आणि ज्याच्या हातून मार खावा लागतो, किंवा ज्याने अत्याचार केला आहे, त्याच्याकडे एकट्याने ‘समेटासाठी’ जायला कोणालाही सांगू नये. तिथे आधी संरक्षण, पोलीस आणि विश्वासू माणसे.

घेतलेले परत करणे

जकातदार जक्कय येशूला पाहायला ज्या झाडावर चढला होता त्यावरून उतरला, प्रभू त्याच्या घरी जेवायला गेला, आणि त्यानंतर जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना व लुबाडलेले चौपट परत देण्याचे जाहीर केले. तेव्हा प्रभू म्हणाला की आज या घराला तारण झाले आहे. परतफेडीने तारण विकत मिळाले नाही. तारण आले आणि पैशाची पिशवी आपोआप उघडली. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर नियमच घालून दिला आहे: घेतलेले पूर्ण परत करावे, त्यात पाचवा हिस्सा घालावा, आणि ज्याचे घेतले तो व त्याचा वारसही नसेल तर ती रक्कम याजकाकडे द्यावी. मुलांच्या वह्यांसाठी मी कचेरीतून कागदाचे गठ्ठे घरी नेत असे. हिशेब केला तेव्हा तो पाचशेच्या आसपास भरला. मी सहाशे रुपये किरकोळ जमेत भरून पावती घेतली, तेव्हा कॅशियरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की ते सहाशे सोपे होते आणि ती नजर अवघड होती.

पडल्यानंतरची दहा मिनिटे

पडणे होतेच. त्यानंतर दोन चुका होतात. एक म्हणजे ‘आता पडलोच आहे तर आजचा दिवस गेला’ असे म्हणून उरलेला दिवसही पापाला देऊन टाकणे. दुसरी म्हणजे स्वतःला शिक्षा करत बसणे, दोन दिवस प्रार्थना न करणे, पुरेसे वाईट वाटून झाल्यावरच देवाकडे जाणे. दिसायला ही नम्रता असते, पण खरे तर स्वतःचा दंड स्वतः भरण्याचा तो प्रयत्न असतो. मठात असताना मार्टिन लूथर तासन्‌तास पापनिवेदन करत आणि तरी त्यांना शांती मिळत नसे, हे प्रसिद्ध आहे. ज्यांचे मन असे कुरतडत राहते त्यांनी वर सांगितलेली वही ठेवूच नये; त्यांनी फक्त सकाळचे वाक्य म्हणावे आणि पाळकसाहेबांशी बोलावे.

बाकीच्यांनी लगेच, तिथल्या तिथे, पापाचे नाव घेऊन कबुली द्यावी, पित्याजवळ आपला एक कैवारी आहे हे योहानाचे वचन आठवावे, कोणाचे नुकसान झाले असेल तर ते भरून द्यायला निघावे आणि हातातले काम पुढे सुरू करावे. मोकळेपणा वाढतो आहे की नाही हे ठिपक्यांच्या संख्येवरून नेहमी कळत नाही, कारण नजर तीक्ष्ण झाली की ठिपके काही काळ वाढतात. मी दुसरे माप वापरतो: पडणे आणि परतणे यांत किती वेळ गेला. पूर्वी माझा अबोला महिनोन्‌महिने चाले. आता बहुधा दिवेलागणीपर्यंत मोडतो.

प्रभुभोजनाआधीचा शनिवार

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, असते. त्याच्या आदल्या संध्याकाळी वही घेऊन बसावे आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले ते वचन वाचावे, ज्यात प्रभू अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असे सांगतो. त्यात एक बारकावा आहे. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तिथे नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर, असे आहे. म्हणजे बरोबर कोण आणि चूक कोण हे ठरण्याची वाट पाहायची नाही.

माझा चुलतभाऊ वयाने मोठा, मी त्याला दादा म्हणतो. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचे वाजले आणि मी चार वर्षे त्याच्या ओट्यावर चढलो नव्हतो. प्रभुभोजन मात्र दर महिन्याला घेत होतो. एका शनिवारी वही मिटली आणि त्याच्याकडे गेलो. तो गोठ्यात मोटारीचे स्टार्टर उघडून बसला होता. मी म्हणालो, “दादा, त्या दिवशी मी लोकांपुढं तुला नको ते बोललो. चूक माझी होती.” पाण्याच्या पाळीविषयी मी काही बोललो नाही, कारण तिथे माझीच बाजू खरी आहे असे मला आजही वाटते. त्याने पान्ह्याने बोल्ट आवळला, हात पुसले, आणि आत पाहून वहिनीला म्हणाला, “दोन कप ठेव गं.”

विहिरीचा अर्ज अजून तहसील कचेरीतच आहे. तारीख असली की आम्ही दोघे एकाच मोटारसायकलवर जातो.